मिलिमीटरवरची कोटी

एका मिलिमीटरमध्ये एक कोटी अँगस्ट्रॉम असतात. ना एक कमी, ना एक जास्त. अणूंच्या जगातले हे सर्वांत लोकप्रिय लांबीचे एकक मराठी माणसासाठीच घडवले असावे, असा संशय यावा इतका हा हिशेब सोपा आहे. सेंटीमीटरमध्ये दहा कोटी, मीटरमध्ये हजार कोटी आणि किलोमीटरमध्ये दहा लाख कोटी. यातले पहिले दोन आकडे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात भेटतात, तिसरा घोटाळ्याच्या बातमीत आणि चौथा केंद्राच्या अर्थसंकल्पात. वर्तमानपत्र नियमित वाचणाऱ्याला अणूंची मोजमापे अवघड जाण्याचे खरे तर काहीच कारण नाही.

तरीही ती अवघड जातात. याचे कारण शून्यांच्या वेळापत्रकात आहे. दशमान पद्धतीचे उपसर्ग दर तीन शून्यांनी थांबतात: मिली, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो. आपली मोजणी हजारापर्यंत त्यांच्याबरोबर येते आणि तिथून दर दोन शून्यांनी थांबू लागते: लाख, कोटी, अब्ज. हजारानंतर दोन्ही गाड्या एकत्र थांबतात त्या थेट अब्जाला, म्हणजे नवव्या शून्यावर. मधल्या प्रवासात माणूस कोणत्या गाडीत बसला आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. त्यात अँगस्ट्रॉम पडतो दहाव्या शून्यावर. नववे शून्य नॅनोचे, बारावे पिकोचे आणि त्यांच्यामधले हे स्टेशन, जिथे जलद गाडी थांबतच नाही. गंमत म्हणजे सगळी लोकवस्ती तिथेच आहे. हायड्रोजनचा अणू साधारण एक अँगस्ट्रॉम रुंद, हिऱ्यातल्या शेजारशेजारच्या दोन कार्बन अणूंमधले अंतर १.५४, मिठातल्या सोडियमपासून क्लोरीनपर्यंतचे २.८२, शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या दोन थरांमधले ३.३५. नॅनोमीटरमध्ये मोजले तर यांच्यापुढे 'शून्य पूर्णांक' लागते आणि पिकोमीटरमध्ये मोजले तर शेकड्यांत जातात. अँगस्ट्रॉममध्ये मात्र अणू बोटांवर मोजता येतात.

रूपांतराचा नियम एका ओळीचा आहे. अँगस्ट्रॉमचे मीटर करताना हजार कोटींनी भागायचे, मीटरचे अँगस्ट्रॉम करताना हजार कोटींनी गुणायचे. एवढ्याशा नियमातही चुकायला दोन जागा आहेत आणि दोन्ही सदैव भरलेल्या असतात. पहिली चूक गुणाकार-भागाकाराची अदलाबदल. माणसाचा केस साधारण आठ लाख अँगस्ट्रॉम जाड असतो. भागण्याऐवजी गुणले, तर त्याची जाडी निघते आठ लाख कोटी किलोमीटर. अशा केसाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला प्रकाशाला दहा महिने लागतील, आणि या केसाने गळा कापणे कोणालाही जमणार नाही. उत्तरपत्रिकेत असे केस दरवर्षी उगवतात. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण त्याच्या लेखी उत्तर म्हणजे दोन रेघांमध्ये बसलेला आकडा, त्याचा डोक्यावरच्या केसांशी संबंध काय?

दुसरी चूक अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक धोकादायक आहे. जुन्या पुस्तकांत सगळा कारभार सेंटीमीटरमध्ये चाले आणि अँगस्ट्रॉम म्हणजे दहाचा उणे आठवा घात, असे पाठ केले जाई. नव्या पुस्तकांत मीटर आला आणि उणे आठाचे उणे दहा झाले. वडिलांनी मुलाला शिकवायला घेतले की घरात दोन्ही घात एकाच वेळी नांदू लागतात. वडिलांचे आठ आणि मुलाचा मीटर एकत्र आले तर केसाची जाडी येते आठ मिलिमीटर. प्रकाशवर्षाच्या मानाने ही चूक किरकोळ वाटते, पण असे केस असलेले डोके विंचरायला फणी नव्हे, दाताळे लागेल.

एककाला ज्याचे नाव दिले, तो आंदेर्स योनास अँगस्ट्रॉम (१८१४–१८७४) स्वीडनमधल्या उप्साला इथला. त्याला अणू मोजायचे नव्हते, त्याला सूर्य मोजायचा होता. १८६८ साली त्याने सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यातल्या हजाराहून अधिक काळ्या रेषांच्या तरंगलांबी मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात दिल्या. निवड व्यवहारी होती. डोळ्यांना दिसणारा प्रकाश या मापात साधारण चार हजार ते सात हजार भरतो, त्यामुळे दशांशचिन्ह न वापरता चार आकड्यांत काम भागते. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९०. चार आकडे माणसाच्या लक्षात राहतात; पुढे आलेल्या बँकेच्या पिनने हेच सिद्ध केले.

हे सगळे मोजायला शेवटी मीटर लागतो, आणि मीटर होता पॅरिसला. उप्सालात होती त्याची प्रत. ती प्रत मूळ मीटरशी तंतोतंत जुळत नव्हती. फरक साधारण सहा-सात हजारांत एक एवढा. दुकानातल्या काट्यात एवढी चूक असती तर गिऱ्हाइकाने दुकानदाराचा सत्कार केला असता. पण सहा-सात हजारांत एक याचा अर्थ, ज्या प्रकाशाची तरंगलांबी सहा-सात हजार आहे तिथे चूक एक. म्हणजे नारिंगी-तांबड्या प्रकाशात अँगस्ट्रॉमची चूक जवळपास एक अँगस्ट्रॉम होती. स्वतःच्या नावाच्या एककात, नगाला नग, चुकण्याचा हा मान शास्त्राच्या इतिहासात फार थोड्यांना मिळाला असेल. दुरुस्त केलेले आकडे त्याच्या मृत्यूनंतर त्याचा सहकारी रॉबर्ट थालेन याने प्रसिद्ध केले.

यातून शास्त्रज्ञांनी जो धडा घेतला तो असा, की मीटरवर विश्वास ठेवू नये. १९०७ साली अँगस्ट्रॉमने मीटरच्या घरातून बाहेर पडून वेगळी चूल मांडली. कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाची हवेतली तरंगलांबी ६४३८.४६९६ अँगस्ट्रॉम आहे, असे जाहीर झाले आणि ही व्याख्याच एककाचा पाया ठरली. मीटर काय वाटेल ते करो. यानंतरची ५३ वर्षे 'एका मीटरमध्ये हजार कोटी अँगस्ट्रॉम' हे विधान कागदोपत्री 'जवळजवळ' खरे होते. फरक अगदी नगण्य होता, पण दोघांचे दप्तर वेगळे होते. १९६० मध्ये मीटरनेच आपली प्लॅटिनमची पट्टी सोडली आणि क्रिप्टॉनच्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबींना मीटर म्हणायचे ठरले. मोठा भाऊ धाकट्याच्या वळणावर गेल्यावर वेगळ्या चुलीचे कारण उरले नाही. तेव्हापासून अँगस्ट्रॉम हा मीटरचा हजार कोटीवा भाग आहे, आणि 'जवळजवळ' गेले. १९८३ मध्ये मीटरने क्रिप्टॉनलाही सोडले आणि तो प्रकाशाच्या वेगाकडे गेला. अँगस्ट्रॉम मुकाट्याने मागोमाग गेला.

क्ष-किरणवाल्यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. त्यांच्या तरंगलांबी एका अँगस्ट्रॉमच्या आसपास किंवा त्याहूनही लहान, म्हणून माने सीगबान या दुसऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने 'एक्स एकक' काढले. कबूल केलेला दर असा: हजार एक्स म्हणजे एक अँगस्ट्रॉम. हे एकक कॅल्साइटच्या स्फटिकातल्या थरांच्या अंतरावर बेतलेले होते. ते अंतर काढायला एका घनसेंटीमीटरमध्ये अणू किती हे लागे, त्यासाठी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार लागे, तो भार तेलाचे थेंब हवेत तरंगवून मिळालेला होता, आणि त्या प्रयोगात हवेचा चिकटपणा थोडा चुकीचा धरला होता. हवेच्या चिकटपणातली चूक थेंबातून इलेक्ट्रॉनमध्ये, इलेक्ट्रॉनमधून स्फटिकात आणि स्फटिकातून एककात शिरली. हजार एक्स एकके भरली १.००२ अँगस्ट्रॉम. शंभर रुपयांमागे वीस पैसे. वीस पैशांसाठी कोणी भांडत नाही, म्हणून कित्येक वर्षे शास्त्रज्ञ हजार एक्सलाच बेधडक 'अँगस्ट्रॉम' म्हणत राहिले. त्या काळातला स्फटिकाचा आकडा आज वापरताना आधी चौकशी करावी लागते: हा अँगस्ट्रॉम खरा, की सासरचे नाव लावलेला?

या गोंधळावर उपाय म्हणून १९६५ मध्ये आणखी एक एकक काढण्यात आले, त्याचे नाव 'तारांकित अँगस्ट्रॉम'. टंगस्टनच्या एका क्ष-किरण रेषेवर ते आधारलेले होते आणि खुणेसाठी चिन्हाच्या खांद्यावर खरोखरीच एक चांदणी काढत. जाहिरातीत अशी चांदणी दिसली की खाली बारीक अक्षरांत 'अटी लागू' असते. इथेही तेच झाले.

अणूच्या आत शिरले की चलन बदलते. रसायनाचे गणित करणारे लोक लांबी 'बोर'मध्ये मोजतात. एक बोर म्हणजे ०.५२९ अँगस्ट्रॉम, नील्स बोर याच्या १९१३ च्या प्रतिकृतीतल्या हायड्रोजनची त्रिज्या. निसर्गाने ठरवलेला हा दर आहे आणि निसर्गाला सुट्या पैशांची फिकीर नसते, त्यामुळे तो कुठेही पूर्ण सुटत नाही. याउलट अणुकेंद्रवाले 'फर्मी' वापरतात आणि त्यांचा हिशेब पुन्हा मराठी वळणाचा निघतो: एक लाख फर्मी म्हणजे एक अँगस्ट्रॉम. प्रोटॉनची त्रिज्या एका फर्मीहून थोडी कमी, सुमारे ०.८४. म्हणजे हायड्रोजनच्या अणूत जागा लाखाची आणि त्यात राहणारा माणूस दीड-दोन रुपयांचा. अशी घरे मुंबईत मिळत नाहीत. फर्मीचे दुसरे, सरकारी नाव फेम्टोमीटर. 'फेम्टो' हा उपसर्ग डॅनिश भाषेतल्या पंधरा या आकड्यावरून घेतला आहे, कारण मीटरच्या खाली तो पंधराव्या शून्यावर आहे. सुदैवाने फर्मी आणि फेम्टोमीटर यांची संक्षिप्त अक्षरेही एकच आहेत, त्यामुळे इथे चुकलेला माणूसही बरोबर ठरतो. एककांच्या इतिहासात एवढी माया अन्यत्र दिसत नाही.

मोठ्या एककांकडे जाताना शब्द अपुरे पडतात, ही तक्रार मराठीत तरी टिकत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) दहाच्या पटींची नावे ओळीने परार्धापर्यंत दिली आहेत आणि गेल्या कित्येक पिढ्यांनी ती केवळ पाठांतराच्या स्पर्धेसाठी राखून ठेवली आहेत. ती इथे वापरता येतात. एक मीटर म्हणजे एक खर्व अँगस्ट्रॉम. एक मीटर म्हणजे एक महापद्म पिकोमीटर. एक मीटर म्हणजे एक अंत्य फर्मी. एक किलोमीटर म्हणजे एक शंकू अँगस्ट्रॉम. या नावांना साडेआठशे वर्षांत प्रथमच रोजगार मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

लहानाच्या बाजूने मात्र आपले पूर्वज लवकर थांबले. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त लांबीचे कोष्टक परमाणूपासून सुरू होते. आठ परमाणूंचा रथाच्या चाकाने उडवलेला एक धूलिकण, आठ धूलिकणांची एक लीख, आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक जव आणि आठ जवांचे एक अंगुल. जगातली बहुतेक मापे राजाच्या हातापायांवरून आली. हे कोष्टक राजाच्या डोक्यातून आले. अंगुलात अशा रीतीने ३२,७६८ परमाणू बसतात. अंगुल पावणेदोन ते दोन सेंटीमीटरचे धरले, तर कौटिल्याचा परमाणू भरतो साधारण ५३०० ते ६१०० अँगस्ट्रॉम. खऱ्या अणूच्या हजारोपट. पण सोडियमचा तो ५८९० चा पिवळा प्रकाश नेमका याच पट्ट्यात येतो. हा योगायोग आहे. तो योगायोगच आहे, हे इथे दोनदा लिहिण्याचे कारण असे, की एकदा लिहून भागत नाही असा अनुभव आहे.

रूपांतर अंगवळणी पडायचे असेल तर ते अंगावरच करून पाहावे. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. तीन कोटी अँगस्ट्रॉम भागिले महिन्याचे सव्वीस लाख सेकंद, म्हणजे दर सेकंदाला दहा-बारा अँगस्ट्रॉम. डोक्यावरचा केस याच्या तिप्पट-चौपट वेगाने, सेकंदाला चाळीसच्या आसपास. जिथे तो आहे तिथे. चवीपुरते मीठ घेतले आणि त्यातला तीन दशांश मिलिमीटरचा एकच दाणा वेगळा काढला, तर त्याच्या एका कडेवर सोडियम आणि क्लोरीन मिळून साडेदहा लाख मंडळी आळीपाळीने, रांग न मोडता उभी असतात. पेशीतल्या डीएनएच्या शिडीची एक पायरी ३.४ अँगस्ट्रॉमची आणि एका संचात पायऱ्या तीन अब्जांहून थोड्या जास्त. गुणाकार केला की जवळपास एक मीटर. आईकडून एक, वडिलांकडून एक, असे दोन मीटर. एवढा ऐवज प्रत्येक पेशीत गुंडाळून ठेवलेला असतो आणि तरी 'हा कोणावर गेला' हा प्रश्न बारशाला सुटत नाही.

भूगोलातही हे एकक चालते. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. पन्नास कोटी अँगस्ट्रॉम भागिले वर्षाचे सव्वातीन कोटींना थोडे कमी सेकंद, उत्तर साधारण सोळा. म्हणजे मुंबई दर सेकंदाला सोळा अँगस्ट्रॉम उत्तरेला जाते. दिल्लीही तेवढीच जाते, त्यामुळे दोघींमधले अंतर कायम राहते.

व्यापारात सूक्ष्म एककांचा उपयोग लांबी सांगण्यासाठी होत नाही, हे नोंदवले पाहिजे. २००९ मध्ये रस्त्यावर आलेली टाटांची नॅनो ३.१ मीटर लांब होती, म्हणजे तीनशे दहा कोटी नॅनोमीटर. नाव मात्र एकवचनी. संगणकाच्या चिपांचा प्रकार अधिक गंभीर आहे. 'तीन नॅनोमीटर'ची म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपेतल्या ट्रान्झिस्टरवर पट्टी लावली, तर मुख्य अंतरे त्याच्या कितीतरी पट भरतात. तो आकडा लांबीचा नसून पिढीचा आहे. नॅनोमीटर संपत आले तेव्हा इंटेलने २०२१ मध्ये पुढच्या पिढ्यांना 'वीस ए' आणि 'अठरा ए' अशी अँगस्ट्रॉमवरून नावे जाहीर केली. कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप या तीन क्षेत्रफळांतला फरक कळलेल्या गिऱ्हाइकाला हे समजावून सांगावे लागत नाही. बांधकामवाले आहे त्यापेक्षा मोठे सांगतात, चिपवाले आहे त्यापेक्षा लहान.

अँगस्ट्रॉमला आज सरकारदरबारी जागा नाही. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत तो बरीच वर्षे 'चालवून घेतलेल्या' एककांत उभा होता. २०१९ च्या नवव्या आवृत्तीत त्याचे नावही नाही. याचा परिणाम स्फटिक, प्रथिने आणि तारे मोजणाऱ्यांवर काहीही झालेला नाही. प्रथिनांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात प्रत्येक अणूचा पत्ता अजून अँगस्ट्रॉममध्येच लिहिला जातो. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आणली, तरी सोने तोळ्यात, वाळू ब्रासमध्ये, लुगडे वारात आणि घर चौरस फुटांत मोजले जाते, त्यातलीच ही गत.

महाराष्ट्रात अणूहून सूक्ष्म मापे आणि आपली जुनी मापे या दोन्ही टोकांची गाठ हिंगोली जिल्ह्यात पडणार आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या, म्हणजे चार शंकू अँगस्ट्रॉमच्या. अशा भुजेच्या लांबीत पडणारा जो फरक अमेरिकेतल्या वेधशाळांनी २०१५ मध्ये पकडला, तो एका अँगस्ट्रॉमचे दहा कोटी भाग केले तर त्यातल्या चार भागांएवढा होता. तेवढाच इथेही पकडायचा आहे. ज्या जमिनीत हे होणार ती सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये आहे आणि बोलण्यात एकर-गुंठ्यात.

गुंठा मोजायची जुनी साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, म्हणजे एक निखर्व अँगस्ट्रॉम आणि वर अठ्ठावन्न कोटी. वरचे हे अठ्ठावन्न कोटी म्हणजे बांधाकडेची सहा सेंटीमीटर माती. तिच्यावरून तालुक्याच्या कोर्टात तिसरी पिढी तारखा घेत असते.